हातगुण : आरंभीच्या कन्फ्यूशियन विचारातील शील आणि कृती

१

सोलापुरात वाढलेल्या माणसाला डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र वाचावे लागत नाही. ते ऐकूनच ठाऊक असते. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्म, मुंबईत वैद्यकाचे शिक्षण, राष्ट्रीय सभेने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १ सप्टेंबर १९३८ रोजी प्रयाण आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेई प्रांतातील एका खेड्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मृत्यू. भय्या चौकातील त्यांचे घर आता स्मारक झाले आहे. त्यांच्याविषयी बोलताना आपण त्याग, सेवा, समर्पण, हौतात्म्य हे शब्द वापरतो. या शब्दांविषयी माझी तक्रार नाही. पण हे शब्द ज्या नैतिक व्याकरणातून येतात त्यात सद्गुण हा निर्णायक क्षणी प्रकट होतो : घर सोडण्याच्या क्षणी किंवा मरणाच्या क्षणी. मधली सव्वाचार वर्षे ही या दोन क्षणांना जोडणारी पोकळ जागा ठरते. चरित्रकार ती भरतो खरा, पण त्याचे लक्ष दोन टोकांकडे असते.

ज्या देशात कोटणीस राहिले आणि वारले, तिथल्या प्राचीन विचाराने सद्गुण आणि कृती यांचे नाते जवळजवळ याच्या उलट मांडले आहे. त्या विचाराचा, विशेषतः त्याच्या कन्फ्यूशियन शाखेच्या आरंभकाळाचा, परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मी चिनी भाषेचा अभ्यासक नाही. एकाच संहितेचे अनेक अनुवाद शेजारी ठेवून वाचण्याची जी सवय मराठीच्या अध्यापकाला लागलेली असते, तिच्याच बळावर हे लिहीत आहे. त्यामुळे आरंभ अनुवादाच्या अडचणीपासूनच करणे इष्ट.

२

‘ताओ ते चिंग’ या नावातील मधला शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. आजच्या लेखनपद्धतीनुसार त्याचा उच्चार ‘द’च्या जवळ जातो. जेम्स लेग यांनी एकोणिसाव्या शतकात त्यासाठी ‘व्हर्च्यू’ हा शब्द वापरला आणि तोच पुढे रूढ झाला. आर्थर वेली यांनी कन्फ्यूशियसच्या संवादांचा अनुवाद १९३८ साली, म्हणजे कोटणीस ज्या वर्षी बोटीत बसले त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ‘नैतिक सामर्थ्य’ अशा अर्थाची शब्दयोजना केली. ‘व्हर्च्यू’ या शब्दाच्या पोटातही पूर्वी सामर्थ्याचा अर्थ होता आणि वनस्पतीच्या औषधी प्रभावालाही तो लावीत. आधुनिक इंग्रजीत तो अर्थ झिजून गेला.

मराठीत मात्र तो झिजलेला नाही. ‘सद्गुण’ म्हटले की आपल्यासमोर नम्रता, सत्यप्रियता, सहनशीलता अशी अंगी असणाऱ्या गोष्टींची यादी उभी राहते. पण ‘औषधाचा गुण आला’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘गुण’ ही अंगी असलेली वस्तू नसते. ती घडून आलेली गोष्ट असते. आणि एखाद्या वैद्याला ‘हातगुण’ आहे असे म्हणतो तेव्हा तर हा शब्द चिनी ‘द’च्या अगदी जवळ जाऊन बसतो. हातगुण वैद्याच्या मनात नसतो, त्याच्या पदवीतही नसतो. तो हात लावल्यावर कळतो. ज्याने कोणाला हातच लावलेला नाही त्याला हातगुण आहे की नाही, हा प्रश्न निरर्थक आहे. ‘द’ म्हणजे ‘सद्गुण’ असा अनुवाद केला तर कन्फ्यूशियस शाळेच्या भिंतीवरील सुविचारांचा लेखक वाटू लागतो, आणि आपल्याकडील लोकप्रिय लेखनात तो बहुधा तसाच भेटतो. ‘द’ला ‘हातगुण’ या अंगाने भिडले तर तो विचार करायला लावतो.

या शब्दाला इतिहास आहे. इ. स. पू. अकराव्या शतकात झोऊ घराण्याने शांग राजसत्ता उलथून टाकली. विजेत्यांपुढे प्रश्न होता तो समर्थनाचा : ज्या दैवी आदेशाने शांग राज्य करीत होते तो आदेश आपल्याकडे कसा आला? उत्तर असे देण्यात आले की आदेश कोणाला कायमचा दिलेला नसतो; ज्या राजकुळात ‘द’ असतो तिथे तो राहतो आणि ‘द’ ओसरला की निघून जातो. झोऊकालीन कांस्यपात्रांवरील लेखांत पूर्वजांचा ‘द’ सांभाळण्याची भाषा येते. म्हणजे तो वंशात चालत येणारा, विधींनी जपला जाणारा, प्रजेवर आपोआप परिणाम करणारा असा राजप्रभाव होता. चिन्हाच्या घडणीत रस्त्याची वा पावलाची खूण आणि डोळा आहे. पुढे त्यात हृदय आले. पाहणे आणि चालणे आधी, अंतःकरण नंतर, हा क्रम मला सूचक वाटतो, जरी लिपीच्या व्युत्पत्तीवर तत्त्वज्ञानाची इमारत उभारू नये हेही खरे.

कन्फ्यूशियसने (इ. स. पू. ५५१–४७९) केले ते एवढेच, की हा राजप्रभाव राजवाड्याबाहेर आणला. लू या लहानशा राज्यातील, फारसे वैभव न उरलेल्या कुळातील हा माणूस शिष्यांना सांगू लागला की जो शिकेल त्याला ‘द’ प्राप्त होऊ शकतो. ‘जुन्झी’ या शब्दाचेही त्याने तेच केले. मुळात ‘राजपुत्र’ असा अर्थ असलेला हा शब्द त्याच्या तोंडी ‘घडलेला माणूस’ या अर्थाने येतो. आपल्याकडे ‘आर्य’ हा शब्द बौद्ध वाङ्मयात कुळापासून सुटून शीलाकडे गेला, त्याची इथे आठवण व्हावी. मात्र प्रभावाची जुनी कल्पना त्याने टाकून दिली नाही. शासकाच्या ‘द’ला तो वाऱ्याची उपमा देतो आणि लोकांना गवताची, दुसऱ्या ठिकाणी ध्रुवताऱ्याची, जो जागचा हलत नाही आणि इतर तारे त्याच्याभोवती वळतात. कृती इतकी परिपक्व की ती दिसतही नाही, असे हे टोक आहे. ‘हातगुण’ आणि ‘द’ यांतला फरकही इथेच सांगितला पाहिजे. हातगुण आपण उपजत मानतो, नशिबाचाच एक प्रकार समजतो. कन्फ्यूशियसच्या मते तो शिकून, आणि केवळ शिकूनच, येतो.

३

हे शिकणे कशाचे? कन्फ्यूशियसचे संवाद ज्या ‘लुन्-यू’ या ग्रंथात आहेत त्याची वीस प्रकरणे त्याच्या मृत्यूनंतर शिष्य-प्रशिष्यांच्या पिढ्यांनी रचली. या ग्रंथात सद्गुणाची व्याख्या शोधणारा वाचक निराश होतो. ‘रेन’ या सर्वोच्च मूल्याविषयी एकेक शिष्य विचारतो आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर मिळते : एकाला माणसांवर प्रेम करण्याचे, एकाला जपून बोलण्याचे, लाडक्या यान हुईला स्वतःला आवरून ‘ली’कडे, म्हणजे रीतीकडे, परतण्याचे. एक प्रसंग तर प्रसिद्धच आहे. ऐकलेले लगेच आचरावे का, असे झिलू विचारतो; त्याला उत्तर मिळते की वडील आणि थोरला भाऊ घरात असताना लगेच कसे? रान यू तेच विचारतो. त्याला उत्तर मिळते, लगेच आचर. दोन्ही उत्तरे ऐकलेला तिसरा शिष्य गोंधळून खुलासा मागतो. गुरू सांगतो की एक मागे राहतो म्हणून त्याला पुढे ढकलले. दुसऱ्यात दोघांचा जोर आहे म्हणून त्याला मागे ओढले.

मराठीच्या अभ्यासकाला हे वाङ्मयरूप परके वाटू नये. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरांच्या लीळा जमविल्या, त्या तत्त्वज्ञान म्हणून नव्हे, तर कोण होते, कुठे होते, काय घडले आणि त्यावर सर्वज्ञ काय म्हणाले, अशा प्रसंगरूपाने. पुढे केसोबासांनी त्यांतील वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. पण वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सुटले तर अर्थ सुटतो, याचे भान महानुभाव परंपरेने राखले आणि सूत्रांचे प्रसंग सांगणारे ग्रंथ रचले. झिलू आणि रान यू यांना दिलेली दोन उत्तरे ‘सूत्रपाठा’त शेजारी ठेवली तर ती परस्परविरोधी सूत्रे होतील. प्रसंगासह वाचली तर ती एकच कृती आहे : समोरच्या माणसाला पाहणे. ‘लुन्-यू’तील शील हे असे प्रसंगबद्ध आहे. त्याचे सूत्र होत नाही, ते सांगायचे तर लीळाच सांगावी लागते.

दहावे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यात जवळजवळ उपदेश नाहीच. गुरू दरबारात पावले कशी टाकीत, कोणत्या रंगाची वस्त्रे टाळीत, जेवताना कसे वागत, चटई सरळ नसेल तर कसे बसत नसत. पाश्चात्त्य वाचकाला हे प्रकरण अनेकदा कंटाळवाणे वाटले आहे. यातील पुष्कळसा भाग मुळात सर्वसाधारण आचारनियमांचा असावा, असेही अभ्यासकांचे एक मत आहे. पण त्यातच एक छोटी नोंद येते : तबेल्याला आग लागली, दरबारातून परतलेल्या गुरूने विचारले की कोणा माणसाला इजा झाली का, घोड्यांविषयी विचारले नाही. चटईचा नीटनेटकेपणा आणि हा प्रश्न एकाच पातळीवर, एकाच निर्विकार स्वरात नोंदविलेले आहेत. नोंद करणाऱ्याला दोहोंत प्रतीचा फरक दिसत नव्हता, हेच इथे महत्त्वाचे. ज्याने चटई सरळ करण्याची सवय अंगी मुरविली, त्याच्या तोंडून आगीच्या वेळी योग्य प्रश्न आपोआप बाहेर पडतो.

हर्बर्ट फिंगरेट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात याच गोष्टीचा टोकाचा अर्थ लावला. त्यांच्या मते कन्फ्यूशियसच्या विचारात मार्ग आहे, पण त्याला फाटे नाहीत. म्हणजे दोन पर्यायांपुढे उभा राहून निवड करणारा, आतल्या आत झगडणारा कर्ता तिथे नाहीच. मार्गावर असणे किंवा मार्ग चुकणे एवढेच संभवते. हे म्हणणे पूर्णपणे मान्य करणे कठीण आहे, त्याकडे पुढे येऊ. पण त्यामुळे एक गोष्ट उजळून निघते. कोटणीसांचे चरित्र आपण ‘फाट्या’चे चरित्र म्हणून सांगतो : इकडे स्थिर व्यवसाय, तिकडे युद्धभूमी, आणि मधे उभा तरुण. ‘लुन्-यू’ची नजर या फाट्यावर फार वेळ ठरली नसती. ती पुढे सरकली असती : या माणसाने चिनी भाषा शिकून त्याच भाषेत शल्यविद्या कशी शिकविली, जखमी शेतकऱ्याशी तो कोणत्या शब्दांत बोलला, औषधे संपली तेव्हा काय केले.

फळाच्या प्रश्नाबाबतही कन्फ्यूशियस आपल्या परिचित चौकटीत बसत नाही. ‘गीतारहस्या’ने घडविलेल्या मराठी वाचकाला कृती म्हटले की फलत्याग आठवतो. नगराच्या वेशीवरचा एक पहारेकरी कन्फ्यूशियसची ओळख सांगतो ती अशी, की जमणार नाही हे ठाऊक असून करीत राहणारा तो. वरवर हा निष्काम कर्मयोगच वाटतो. परंतु इथे फळावरील आसक्ती सोडण्याची साधना नाही, आत्म्याचे अकर्तेपण तर मुळीच नाही. कन्फ्यूशियसला फळ हवे आहे. राजांनी आपले ऐकावे म्हणून तो वर्षानुवर्षे राज्याराज्यांतून हिंडला आणि कोणी ऐकले नाही म्हणून खंतावला. फक्त फळ न मिळाल्याने कृती व्यर्थ होते, असे त्याला वाटत नाही.

४

मेन्शियस (इ. स. पू. चौथे शतक) याने या विचाराला मानसशास्त्रीय पाया दिला. विहिरीत पडू पाहणारे मूल अचानक दिसले तर कोणाचेही काळीज लकाकते. आईबापांची मर्जी संपादावी, लोकांत नाव व्हावे अशा हेतूने नव्हे. हा त्याचा दाखला सर्वत्र उद्धृत होतो. मात्र उद्धृत करणारे एक गोष्ट बहुधा नजरेआड करतात. पाहणारा धावला आणि त्याने मुलाला वाचविले, असे मेन्शियस म्हणतच नाही. तो फक्त काळीज लकाकल्याचे सांगतो आणि तो केवळ अंकुर आहे असे म्हणतो. अंकुर आणि कृती यांच्यामध्ये मशागतीचा लांब काळ आहे. सोंग राज्यातल्या ज्या अधीर शेतकऱ्याने रोपे लवकर वाढावीत म्हणून ती उपटून उंच केली, त्याची गोष्टही मेन्शियसचीच. पुढे श्युन्झीने माणसाचा स्वभाव मुळात ओबडधोबड ठरविला आणि लाकूड वाफवून वाकवावे तशी रीतीने घडण करण्याचा आग्रह धरला. त्या दोघांचा वाद मोठा आहे. पण घडण लागते याविषयी दोघांचे दुमत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. हा सगळा विचार जवळच्या माणसापासून सुरू होतो. ‘रेन’चे मूळ आईवडिलांविषयीच्या कर्तव्यात आहे, असे ‘लुन्-यू’च्या पहिल्याच प्रकरणात येते. आईवडील हयात असताना दूर जाऊ नये, जावेच लागले तर ठिकाण निश्चित असावे, असे चौथ्या प्रकरणात आहे. झाय वो नावाचा शिष्य पितृशोकाची तीन वर्षे एकावर आणावीत असे सुचवितो. गुरू त्याला विचारतो, वर्षानंतर गोडधोड खाताना, भरजरी लेताना तुझ्या जिवाला बरे वाटेल? तो म्हणतो, वाटेल. मग तसे कर, एवढेच गुरू म्हणतो. आणि तो निघून गेल्यावर इतरांना सांगतो की मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आईबापांच्या कडेवरून उतरत नाही, हे हा विसरला.

फिंगरेट यांच्या मताला छेद जातो तो इथे. गुरूने नियम पुढे केला नाही, ‘तुझ्या जिवाला बरे वाटेल का’ असे विचारले. म्हणजे मार्गाला फाटा आहे आणि तो अंतःकरणातून जातो. कोटणीसांच्या आयुष्यात हा फाटा खरोखरच आला. पथक चोंगचिंगमध्ये येनानला निघण्याच्या तयारीत असताना वडिलांच्या मृत्यूची वार्ता त्यांना कळली. ते परतले नाहीत. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोचले. मुंबईचा धक्का नव्हे, तर चोंगचिंगमधले ते दिवस हाच या चरित्रातला नैतिकदृष्ट्या सर्वांत अवघड भाग आहे. त्यागाची भाषा त्यावरून सहज पुढे जाते, कारण तिच्या हिशोबात दुःख जितके मोठे तितका त्याग मोठा. कन्फ्यूशियन भाषेला तसे जाता येत नाही. तिला इथे थांबावे लागते, आणि तिचे उत्तर कोटणीसांच्या बाजूने जाईल याची खात्री देता येत नाही.

त्या बाजूने बोलणारा प्राचीन चीनमध्ये दुसराच होता. मोझीने कन्फ्यूशियनांच्या या प्रतवार प्रेमावर हल्ला चढविला : स्वतःच्या बापाइतकीच दुसऱ्याच्या बापाची, स्वतःच्या राज्याइतकीच परक्या राज्याची काळजी घ्या. त्याच्या नावावरील ग्रंथात एक कथा आहे. छू हे बलाढ्य राज्य सोंगवर स्वारी करण्यासाठी तटाला लावायच्या शिड्या तयार करीत आहे, हे कळताच मोझी दहा दिवस दहा रात्री चालत छूच्या राजधानीत गेला. आपला कमरपट्टा तट म्हणून मांडून त्याने शिड्या बनविणाऱ्या कारागिराचे नऊ डाव परतविले आणि स्वारी रद्द करविली. परतताना तो सोंगमधून चालला होता, पाऊस आला, वेशीच्या पहारेकऱ्याने त्याला आडोशाला येऊ दिले नाही. हे चरित्र कोटणीसांच्या प्रयाणाशी अधिक जुळते. मेन्शियसने मोझीच्या मतावर आरोप केला की असे प्रेम बापाला नाकारते. आरोप कठोर आहे, पण पोकळ नाही.

मला असे वाटते की कोटणीस गेले ते मोझीच्या मार्गाने आणि राहिले ते कन्फ्यूशियसच्या. ज्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही अशांकडे जाणे ही पहिली गोष्ट. जिथे गेलो तिथे नाती, भाषा, रीत यांत मुरत जाणे, परक्यांना आप्त करणे, ही दुसरी. पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांत चीनचा वाचक असा ‘हुआ’ जोडला. द्वारकानाथ कोटणीस ‘क दिहुआ’ झाले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला.

५

त्या काळच्या येनानमध्ये कन्फ्यूशियस हे आदराचे नाव नव्हते. लू शुनच्या ‘वेड्याची रोजनिशी’ने १९१८ सालीच ‘रेन’ आणि सदाचार या शब्दांच्या ओळींमध्ये नरभक्षण वाचले होते. पितृभक्तीच्या नावाने सुनांचे आणि मुलांचे काय झाले हे ठाऊक असणाऱ्या पिढीने ते मान्य केले होते. ही टीका डोळ्यांआड करून कन्फ्यूशियसचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही जुलै १९३९ मध्ये ल्यू शाओचीने येनानमध्ये आदर्श साम्यवाद्याच्या आत्मघडणीवर व्याख्याने दिली, तेव्हा आधार घेतला तो कन्फ्यूशियस आणि मेन्शियस यांच्याच वचनांचा. त्याच वर्षी डिसेंबरात माओने नॉर्मन बेथ्यूनवर लिहिलेल्या मृत्युलेखात परक्या देशातील माणसाच्या निःस्वार्थीपणाचा आदर्श मांडला. घडणीची भाषा कन्फ्यूशियसची, दूरच्या माणसाविषयीच्या कर्तव्याची भाषा मोझीला जवळची. दोन्ही एकाच छावणीत नांदत होत्या. बेथ्यूननंतर जे आदर्शांचे दालन उभे राहिले त्यात पुढे कोटणीसांची स्थापना झाली.

आपल्याकडे त्यांची कथा दुसऱ्या साच्यात गेली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिकाही स्वतः केली. त्यात साथीच्या रोगाशी झुंज आणि तिच्यातून ओढवलेला मृत्यू असे नाट्य आहे. प्रत्यक्षात कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. चित्रपटाला दोष देण्याचे कारण नाही; मृत्यू हा कृतीचा कळस असावा ही त्या कथनप्रकाराची गरज होती. अपस्माराने येणारा मृत्यू काहीच सिद्ध करीत नाही. आणि नेमके म्हणूनच कन्फ्यूशियन वाचनाला तो अडचणीचा वाटत नाही, कारण तिथे शील सिद्ध करण्याचे काम मृत्यूकडे दिलेलेच नसते.

म्हाइंभटाला लागणारी सामग्री मात्र आहे. सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांची रोजनिशी पुस्तकरूपाने आलेली आहे, क्वो छिंगलान यांच्या आठवणीही इंग्रजीत उपलब्ध आहेत. ती वाचताना दहाव्या प्रकरणाची पद्धत वापरून पाहावी. कोणते तपशील चरित्रकारांनी गाळले, हे लगेच ध्यानात येते.

‘लुन्-यू’त पुत्राची एक कसोटी दिली आहे : बाप गेल्यावर तीन वर्षे जो त्याच्या वाटेत बदल करीत नाही, तो खरा पुत्र. कोटणीसांना ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता. मोठा होऊन तो वैद्यक शिकू लागला, आणि शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९६७ साली वारला.